चुकल्यावर बोलणारी भाषा

मायक्रोकंट्रोलरवर हौसेखातर काही करून पाहायचं ठरवलं की लगेच प्रश्न येतो तो भाषेचा. बोर्ड कुठला घ्यायचा हे दुकानदार सांगतो, सेन्सर कुठला हे गरज सांगते. भाषेबद्दल मात्र ज्याला विचाराल तो स्वतःची बाजू घेऊन उभा राहतो. सी घ्या, वेगवान आहे. पायथन घ्या, सोपी आहे. रस्ट घ्या, सुरक्षित आहे. तिन्ही उत्तरं खरी आहेत आणि तिन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: प्रोग्राम चालतो आहे. चालणारा प्रोग्राम किती वेगाने चालतो, किती ओळींत लिहून होतो, किती भरवशाचा ठरतो, यावरून भाषांचा निवाडा केला जातो.

हौशी माणसाचा प्रकल्प बहुतेक वेळ चालत नसतो. रविवारी दुपारी जोडणी करायला बसावं, संध्याकाळपर्यंत एकाही वायरीने दाद देऊ नये आणि रात्री जेवणाच्या हाका सुरू झाल्यावर एकदाचं काहीतरी हलावं, असाच त्याचा दिनक्रम असतो. नीट चालायला लागलं की ते डब्यात बंद होतं आणि माणूस पुढच्या कल्पनेकडे वळतो. भाषेशी आपला खरा सहवास घडतो तो काहीतरी बिघडलेलं असताना. म्हणून माझं म्हणणं असं आहे की भाषा निवडताना ती चुकल्यावर काय करते हे सगळ्यांत आधी पाहावं. ती बोलते का? वेळेवर बोलते का? जे बोलते ते टेबलापाशी एकट्याने बसलेल्या माणसाला कळतं का? वेग, मेमरी, नोकरीतला उपयोग हे प्रश्न त्यानंतरचे.

संगणकावर प्रोग्राम कोसळला तर ऑपरेटिंग सिस्टिम निदान एखादी खिडकी उघडून तसं कळवते. मायक्रोकंट्रोलरला पडदा नाही, कीबोर्ड नाही आणि बहुतेकदा ऑपरेटिंग सिस्टिमही नाही. आर्डुइनो उनोवरची एटीमेगा ३२८पी ही चिप पाहा. ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम, १६ मेगाहर्ट्झ. तेरा नंबरच्या पिनवरचा एक एलईडी एवढंच तिचं तोंड. समजा रिले लागला नाही. जंपर वायर आतून तुटलेली असेल, ब्रेडबोर्डचं भोक सैल झालं असेल, रिलेला पुरेसा करंट मिळत नसेल, पिनचा नंबर चुकला असेल किंवा कोडमधला हिशेब चुकला असेल. पाचही कारणांचं बाहेरून दिसणारं रूप एकच: काहीच होत नाही. वेबसाइट लिहिणाऱ्याला संशय फक्त स्वतःच्या कोडवर घ्यायचा असतो. इथे सोल्डरपासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळेच संशयित असतात. जी भाषा ‘माझ्याकडे सगळं ठीक आहे’ किंवा ‘चूक या ओळीत आहे’ एवढं सांगते, ती शोध निम्म्यावर आणते. जी मूग गिळून बसते, तिच्यापायी माणूस धडधाकट सेन्सर खराब समजून फेकतो आणि नवा आणतो.

एक उदाहरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला एक छोटा पंप, एक रिले आणि उनो. पंप चालू करायचा, मिनिटभर थांबायचं, बंद करायचा. आर्डुइनोत थांबण्यासाठी ‘डिले’ असतो आणि तो मिलिसेकंदांत मोजतो. माणूस सहज लिहितो: डिले, कंसात ६० गुणिले १०००. साठ सेकंद, प्रत्येकी हजार मिलिसेकंद. पुढे वाचणाऱ्यालाही हेतू कळावा असं हे स्वच्छ लिहिणं आहे. पण उनोवर साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो आणि त्यात मावणारी सगळ्यांत मोठी संख्या ३२,७६७. गुणाकार ६०,००० वर जातो, मावत नाही आणि उलटून उणे ५,५३६ होतो. डिलेला हवी असते ३२ बिटांची, चिन्ह नसलेली संख्या. उणे ५,५३६ त्या साच्यात गेलं की त्याचे ४,२९,४९,६१,७६० होतात. इतके मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस आणि १७ तास. पंप सुरू होतो आणि पुढचे सात आठवडे थांबत नाही.

कोड कंपाइल झाला, अपलोड झाला, कुठेही लाल अक्षर उमटलं नाही. कंपायलरला ही चूक दिसली नाही असंही नाही. त्यामागे काम करणारा जीसीसी अशा गुणाकारावर आपणहून इशारा देतो. पण आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपायलरच्या इशाऱ्यांची सेटिंग मुळातच ‘नन’ वर असते, त्यामुळे तो इशारा आपल्यापर्यंत पोचत नाही. हाच कोड ईएसपी ३२ या चिपवर चढवला तर बिनचूक चालतो, कारण तिथे पूर्णांक ३२ बिटांचा असतो. गुणाकार न करता सरळ ६०००० लिहिलं असतं तर उनोवरही चाललं असतं. आता यावरून एखाद्या नवख्या मुलाने काय समजावं? तो रिले चिकटला म्हणणार, आणि ते चुकीचंही वाटणार नाही, कारण रिलेचे कॉन्टॅक्ट खरोखरच चिकटतात.

मायक्रोपायथनमध्ये, म्हणजे चिपवर चालणाऱ्या पायथनमध्ये, पूर्णांक लागेल तेवढा वाढतो आणि ‘स्लीप’ला सेकंदच द्यायचे असतात, त्यामुळे ही चूक मुळात होत नाही. रस्टमध्ये १६ बिटांच्या संख्येवर हाच गुणाकार लिहिला तर कंपायलर तिथेच अडवतो आणि त्या ओळीखाली खूण करून सांगतो की उत्तर इथे मावणार नाही. चूक एकच, पण एका भाषेत ती घडत नाही, दुसरीत घडण्याआधी अडते आणि तिसरीत गॅलरीतून पाणी खालच्या मजल्यावर उतरतं.

मायक्रोपायथन आली ती डेमियन जॉर्जकडून. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा भौतिकशास्त्रज्ञ केंब्रिजमध्ये होता तेव्हा, २०१३ साली, त्याने किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे केले आणि चिपच्या मापाने नव्याने लिहिलेली पायथन तयार केली. त्याच्या पहिल्या बोर्डावर १९२ केबी रॅम होती. लोक मायक्रोपायथनची स्तुती करतात ती सोप्या वाक्यरचनेसाठी. मला ती सगळ्यांत मोलाची वाटते तिच्या संवादासाठी. यूएसबीची वायर लावली की बोर्ड तीन बाण दाखवून तुमची वाट पाहतो. पिन चालू कर म्हणा, रिले टक् करतो. बंद कर म्हणा, पुन्हा टक्. मध्ये कंपाइल नाही, अपलोड नाही. तुम्ही विचारता, चिप उत्तर देते.

रविवारी माझ्याकडे आसपासची काही मुलं येतात. त्यांतल्या एकीने परवा रास्पबेरी पाय पिको या बोर्डाला छोटा ओएलईडी पडदा जोडला होता आणि तो काळाच राहिला. तिने बाणांपुढे जोडलेल्या उपकरणांचे पत्ते शोधणारी आयटूसी स्कॅनची ओळ टाइप केली.

“काका, कंस रिकामा आला.”

“मग कोडकडे बघू नकोस. वायरी बघ.”

एसडीए आणि एससीएल या आयटूसीच्या दोन तारांची अदलाबदल झाली होती. तिने वायरी बदलल्या, तीच ओळ पुन्हा चालवली आणि कंसात ६० हा आकडा आला. या पडद्यांचा नेहमीचा पत्ता तोच. घड्याळाची डीएस ३२३१ ही चिप लावली की १०४ येतो, हवामानाचा बीएमई २८० लावला की बहुधा ११८. कंस रिकामा म्हणजे तार किंवा वीज. कंसात आकडा म्हणजे जोडणी ठीक, आता दोष कोडमध्ये शोधा. अर्ध्या मिनिटात हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर वेगळे झाले. आर्डुइनोत हेच करायला स्कॅनरचा वेगळा प्रोग्राम शोधायचा, मूळ प्रोग्राम पुसून तो चढवायचा, निकाल वाचायचा आणि मूळ प्रोग्राम परत चढवायचा. अनुभवी माणूस हे सगळं करतो. नवखा करत नाही, कारण असं काही करता येतं हेच त्याला ठाऊक नसतं.

मग सीचा एवढा दबदबा का? कारण अगदी अलीकडेपर्यंत बोलणारी भाषा बहुतेक चिपमध्ये मावत नव्हती. इंटेलची ८०५१ ही चिप १९८० साली आली तेव्हा तिच्यात १२८ बाइट रॅम होती. हा परिच्छेदसुद्धा तिच्यात मावला नसता. आपल्याकडे डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांमध्ये ८०८५ चे किट असायचे. हेक्स कीपॅडवर आधी पत्ता दाबायचा, मग ३ई, मग आकडा, आणि शेवटी ७६ दाबून प्रोग्राम थांबवायचा. एक बटण चुकलं तर पहिल्यापासून सगळं तपासायचं. त्या पिढीला सी मिळाली तेव्हा ती मोठी सुटका होती आणि त्या सुटकेची कृतज्ञता त्यांच्या सल्ल्यात आजही उतरते. ती मला समजते. पण त्यांच्या सल्ल्यामागची परिस्थिती बदललेली आहे. २०२१ च्या जानेवारीत रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड चार डॉलरला आला तो २६४ केबी रॅम आणि दोन कोअर घेऊन. ८०५१ च्या दोन हजार पटींहून जास्त मेमरी. मेमरीच्या टंचाईतून जन्मलेला नियम ती टंचाई सरल्यावरही पाळायचा असेल, तर त्याला वेगळं कारण द्यावं लागेल.

हौशी लोकांचा इतिहास तर सीपासून सुरूही होत नाही. १९९२ साली पॅरलॅक्स कंपनीचा बेसिक स्टॅम्प आला. नावाप्रमाणे टपाल तिकिटाएवढा, आणि त्यावर बेसिक भाषा चालायची, तीही ओळीमागून ओळ वाचत. त्याची दुसरी आवृत्ती सेकंदाला सुमारे चार हजार सूचना पार पाडायची. आजच्या मानाने ही गोगलगाय. तरीही लोकांनी त्यावर यंत्रमानव चालवले, हवामानकेंद्रं उभारली, कारण त्यांना घाई चिपची नव्हती. स्वतःला समजण्याची होती. त्यानंतर इटलीतल्या इव्हरेआ गावच्या डिझाइन संस्थेत आर्डुइनो जन्मला, २००५ साली. तिथल्याच एर्नांदो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याच्या ‘वायरिंग’वर तो उभा होता. आर्डुइनोचे उपकार मी कधीच नाकारणार नाही. कलाकार, शिक्षक, शाळकरी मुलं यांच्यासाठी त्याने हे दार उघडलं. पण ते उघडलं एका बटणात होणाऱ्या अपलोडने, स्वस्त बोर्डाने आणि लोकांनी मोकळेपणाने वाटलेल्या लायब्रऱ्यांनी. आतली भाषा सी प्लस प्लसच होती, जशीच्या तशी अबोल.

वेगाचा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि तोच सगळ्यांत कमी तपासलेला असतो. मातीचा ओलावा दहा मिनिटांनी एकदा मोजायचा असेल तर मायक्रोपायथन सीच्या कितीतरी पट हळू आहे याने काय बिघडतं? जिथे खरंच मायक्रोसेकंद मोजावे लागतात तिथे ते काम आधीच खालच्या थराकडे सोपवलेलं असतं. डीएचटी २२ हा तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर ४० बिट पाठवतो. पल्स २६ ते २८ मायक्रोसेकंद टिकली तर शून्य, ७० टिकली तर एक. मायक्रोपायथनमध्ये तो वाचताना पल्स मोजण्याचं काम फर्मवेअरमधला सीतला तुकडा करतो आणि वर पायथनला तयार आकडा मिळतो. रंगीत एलईडीच्या डब्ल्यूएस २८१२ पट्टीत एक बिट सव्वा मायक्रोसेकंदाचा असतो. तिथेही तसंच. पिकोवर तर याहून पुढे जाता येतं. त्याच्यातली पीआयओ नावाची छोटी यंत्रं फक्त नऊ सूचनांची असेंब्ली जाणतात आणि ती असेंब्ली पायथनच्या फाइलमध्येच लिहिता येते. सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत खालची भाषा एका पानावर. ज्याला चिपच्या अंतरंगात उतरायचं आहे त्याच्यासाठी मला यापेक्षा चांगला जिना माहीत नाही.

काही ठिकाणी मात्र मायक्रोपायथन खरोखर कमी पडते, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. न लागणारी मेमरी गोळा करण्यासाठी ती मधूनच काही मिलिसेकंद थांबते. आवाजावर प्रक्रिया करायची असेल किंवा मोटरला क्षणाक्षणाला सावरायचं असेल तर हा खंड चालत नाही. दुसरी गोष्ट बॅटरी. नाण्याएवढ्या सेलवर वर्षभर चालणारं काही करायचं असेल, तर एटीमेगा ३२८पी गाढ झोपेत एक मायक्रोअँपियरहूनही कमी करंट घेते आणि जागी होऊन डोळ्याचं पातं लवायच्या आत काम उरकते. पायथनला प्रत्येक वेळी झोपेतून उठल्यावर आधी स्वतःचा संसार मांडावा लागतो आणि तेवढा वेळ सेल झिजतो. अशा कामाला सी घ्यावी, बिनदिक्कत.

वेगापेक्षा मला गंभीर वाटतो तो दुसरा आक्षेप, कारण तो माझ्याच निकषातून येतो. पायथन बोलते खरी, पण उशिरा बोलते. एखादं नाव चुकीचं टाइप केलं असेल तर प्रोग्राम त्या ओळीवर पोचेपर्यंत ती चूक कळत नाही. ती ओळ टाकी रिकामी झाल्यावरच चालणारी असेल, तर चूक टाकी रिकामी होईल त्या रात्री कळेल. आणि तेव्हा बोर्ड गच्चीवरच्या डब्यात असतो. चुकीबद्दलचा निरोप यूएसबीवरून बाहेर पडतो आणि पलीकडे ऐकायला कुणी नसतं. यावर इलाज आहे आणि तो पहिल्याच प्रकल्पात अंगी लावून घ्यावा. मुख्य फेऱ्याभोवती ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ घालावं, चूक आली की मायक्रोपायथनच्या ‘प्रिंट एक्सेप्शन’ने ती ओळीच्या क्रमांकासकट बोर्डावरच्याच फाइलमध्ये लिहावी, मग बोर्ड रीसेट करावा. बोर्ड अडकला तर त्याला आपोआप रीसेट करणारा वॉचडॉगही चालू ठेवावा. सकाळी डबा खाली आणून फाइल उघडली की रात्री काय झालं ते शब्दांत वाचायला मिळतं.

लवकर बोलणारी भाषा हवी असेल तर रस्ट. तिची सुरुवातच एका बिघाडातून झाली. ग्रेडन होअर हा प्रोग्रामर २००६ साली व्हँकुव्हरला घरी परतला तेव्हा इमारतीच्या लिफ्टचं सॉफ्टवेअर कोसळलेलं होतं आणि त्याला एकविसाव्या मजल्यापर्यंत जिने चढावे लागले. लिफ्ट चालवणारी चिप म्हणजे मायक्रोकंट्रोलरच. अशा चुका कंपायलरनेच पकडाव्यात म्हणून त्याने जी भाषा सुरू केली तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली. चिपसाठी लागणारा तिचा सामायिक पाया, एम्बेडेड हाल, २०२४ मध्ये १.० ला पोचला. रस्टमध्ये एक पिन एका ड्रायव्हरला दिली की ती दुसऱ्याला देताच येत नाही. प्रयत्न केला तर कोड कंपाइल होत नाही, आणि का होत नाही हे कंपायलर बाण काढून, कधी कधी दुरुस्तीसकट समजावतो. तिचे संदेश मी पाहिलेल्या सगळ्या भाषांत सुंदर आहेत. तरीही पहिली भाषा म्हणून मी ती सुचवत नाही. तिचं बोलणं समजायला आधी तिच्या जगाची बरीच ओळख लागते, आणि रविवारची दुपार त्या ओळखीतच संपते. जो दिवसभर प्रोग्रामिंग करतो आणि संध्याकाळी सोल्डरिंग आयर्न हातात घेतो, त्याने मात्र ती जरूर पाहावी.

आईवडिलांचा प्रश्न वेगळा असतो. नोकरीत सी विचारतात, मग मुलाने सीच शिकायला नको का? पुण्यात हा प्रश्न जास्तच जवळचा आहे. वाहनांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्या इथे आहेत, ईएसपी ३२ बनवणाऱ्या शांघायच्या एस्प्रेसिफचंही इथे कार्यालय आहे. पण वाहनउद्योग जी सी वापरतो तिच्याकडे नीट पाहा. ब्रिटनमधल्या मिस्रा या संस्थेने १९९८ मध्ये वाहनांसाठी सी कशी लिहावी याचे १२७ नियम छापले आणि पुढच्या आवृत्त्यांत ते सुधारत नेले. हे करू नका, ते वापरू नका, असे नियम. ते पाळले जातात की नाही हे तपासायला महागडी साधनं असतात, शिवाय सहकारी ओळ न् ओळ वाचतात आणि चाचणीसाठी वेगळी माणसं असतात. सी अबोल आहे हे उद्योगाला पक्कं ठाऊक आहे, म्हणून त्याने तिच्याभोवती बोलणारी माणसं आणि साधनं उभी केली. घरी टेबलावर यांतलं काहीच नसतं. उद्योग सी वापरतो हे खरं, पण तो तिला एकटं सोडत नाही. त्याचं उदाहरण देऊन पंधरा वर्षांच्या मुलाला नुसत्या सीबरोबर एकटं सोडणं मला अन्यायाचं वाटतं. त्याने सी शिकावी, दुसऱ्या वर्षी शिकावी, डेटाशीट आणि रजिस्टर वाचायला लागल्यावर शिकावी. तेव्हा सी त्याला जाच वाटणार नाही, कारण ती काय लपवते आहे हे त्याला आधीच कळलेलं असेल.

लायब्रऱ्यांचा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या कुठल्याही सेन्सरसाठी आर्डुइनोचा नमुना कोड हमखास सापडतो. पायथनचा सापडेलच असं नाही. सेन्सर आडवळणाचा असेल आणि फक्त आर्डुइनोची लायब्ररी असेल तर आर्डुइनो वापरावा. पण मग त्याला बोलतं करण्याची जबाबदारी आपली. सगळ्यांत आधी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन कंपायलरचे इशारे ‘नन’वरून ‘ऑल’वर न्यावेत. प्रत्येक फंक्शन काय परत देतं ते पाहावं आणि सिरिअलवर छापावं. ईएसपी ३२ असेल तर कोसळताना ती ‘गुरू मेडिटेशन एरर’ अशी ओळ आणि तिच्यामागे हेक्स पत्त्यांची रांग टाकते. ते पत्ते ओळींच्या क्रमांकांत बदलून देणारं साधन मिळतं, ते बसवून घ्यावं. उनोहून हे पुष्कळ बरं आहे.

या सगळ्याचा खरा कस शाळेत लागतो. निती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून शाळांना टिंकरिंग लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत आलं आहे. सहावी ते बारावीची मुलं तिथे येतात. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा आणखी ५०,००० लॅब उभारायची घोषणा झाली. तालुक्याच्या गावी अशा लॅबची जबाबदारी बहुधा विज्ञानाच्या एखाद्या शिक्षिकेवर येते. त्यांना आधीच वर्ग, परीक्षा, सरकारी माहित्या भरून पाठवणं हे सगळं असतं. चाळीस मुलांच्या दहा बोर्डांवर दहा वेगवेगळ्या चुका झाल्या तर बाई कुणाकुणाकडे जाणार? तिथे भाषेने स्वतः शिकवलं पाहिजे. बीबीसीने २०१६ साली ब्रिटनमधल्या मुलांना सुमारे दहा लाख मायक्रोबिट वाटले. त्या बोर्डावर १६ केबी रॅम होती आणि तरी मायक्रोपायथन बसवली होती. प्रोग्राम चुकला की बोर्डावरच्या पंचवीस एलईडींवरून चुकीबद्दलचा निरोप ओळीच्या क्रमांकासकट सरकत जायचा. पडदा नसलेल्या बोर्डानेही बोलण्याची वाट काढली. ज्यांनी हे केलं त्यांना मुलं कळली होती असं मला वाटतं. ठोकळे जोडून प्रोग्राम करण्याची पद्धत पाचवी-सहावीला चांगली आहे, पण तिथून मुलांना एकदम आर्डुइनोच्या अर्धविराम आणि महिरपी कंसांत ढकललं जातं. मधली पायरी मायक्रोपायथनची असावी.

आणि निरोप मराठीत यावा. मराठी माध्यमातल्या मुलाला ‘मेमरी अ‍ॅलोकेशन फेल्ड’ हे वाक्य आधी इंग्रजी म्हणून सोडवावं लागतं, मग चूक म्हणून. हे दुहेरी ओझं कमी करता येतं हे सर्किटपायथनने दाखवलं आहे. अ‍ॅडाफ्रूट कंपनीने २०१७ मध्ये मायक्रोपायथनमधून ही शाखा काढली. तिच्यात प्रोग्राम चुकून थांबला की बोर्डावरचा दिवा दोनदा लाल लुकलुकतो, आणि चुकांचे संदेश स्वयंसेवकांनी स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, जपानी अशा भाषांत नेले आहेत. त्या यादीत मराठी यायला हवी. हे काम काही सुट्ट्यांमध्ये चारपाच जाणत्या माणसांकडून होण्यासारखं आहे, त्याला सरकारी मंजुरी लागत नाही. फक्त ते करताना ‘स्मृतिवाटप अयशस्वी’ असलं काही लिहू नये. ‘मेमरी संपली, १०२४ बाइट हवे होते’ असं लिहावं, म्हणजे सातवीतलं मूल वाचेल आणि यादी लहान करून पाहील.

भाषा माझं ऐकूनही ठरवू नका, त्याआधी एक प्रयोग करा. ज्या दोन-तीन भाषांचा विचार चालू आहे त्या प्रत्येकीत एक आयटूसी सेन्सर वाचणारा छोटा प्रोग्राम चालू करा. तो नीट चालत असताना एसडीएची वायर उपटा. पिकोवरची मायक्रोपायथन थांबेल आणि ओएसएरर, क्रमांक ५, ईआयओ असं म्हणून ओळ दाखवेल. रस्टमध्ये वाचण्याचं उत्तर यश की अपयश अशा वेष्टनातच हाती येतं आणि ते उघडून न पाहता पुढे गेलात तर कंपायलरने वायर उपटण्याआधीच हटकलेलं असेल. आर्डुइनोच्या वायर लायब्ररीत ‘एंड ट्रान्समिशन’ हे फंक्शन २ हा आकडा परत देईल. या पत्त्यावर कुणी उत्तर देत नाही असा त्याचा अर्थ. तुम्ही उतरवून घेतलेल्या नमुन्यात तो आकडा कुठे साठवला आहे का, कुठे छापला आहे का, ते शोधा. नसेल, तर पडद्यावर शेवटचं जुनं तापमान किंवा शून्य दिसत राहील आणि खोली तशीच आहे असं वाटेल. मग एखादं नाव मुद्दाम चुकवा, एका संख्येला शून्याने भागा, यादी मेमरीत मावणार नाही इतकी वाढवा. प्रत्येक वेळी बोर्ड काय म्हणाला ते वहीत लिहा आणि ती वही घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या ज्याचा या विषयाशी संबंध नाही. त्याला ज्या भाषेचे निरोप कळतील तिच्यात पहिला प्रकल्प करा.